काळ्या कंपनीचे काका

नळदुर्गात भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा मी सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेले होते. आडनाव काय, म्हणजे नेमके कुठले, मटण शिजवता का, लग्न अजून का नाही, आणि झालंच तर खोली कधी सोडणार. एकट्या बाईला खोली देताना आपल्याकडे पोलीसभरतीपेक्षा जास्त चाचण्या घेतात. घरमालक काकांनी यातलं एकही विचारलं नाही. ओसरीवर बसून ते पंख्याच्या मोटरीत तार भरत होते. मान वर न करता म्हणाले, "म्याडम, तुमचा संगणक कोंच्या कंपनीचा हाय?"

मी नुकतीच तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायला लागले होते. कॉलेजने दिलेला लॅपटॉप पिशवीत होता, तो काढून दाखवला. सुदैवाने तो काळा होता. काकांनी हात लुंगीला पुसले, लॅपटॉप प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला, बिजागरी उघडमीट करून पाहिली, कळांवरून बोटं फिरवली आणि घरात आवाज दिला, "च्या टाका वो. म्याडम आपल्यातल्याच निघाल्या."

माझ्या दुसऱ्या पिशवीत भावाने दिलेला त्याचा जुना लॅपटॉप होता. तो पांढरा होता. चहा होईपर्यंत मी त्या पिशवीवर ओढणी टाकून बसले, आणि पुढची तीन वर्षं साधारण तशीच काढली.

कंपन्यांची खरी नावं मी इथं घेत नाही. काका एकीला 'काळी' म्हणत आणि दुसरीला 'पांढरी'. पांढरीचं खरं नाव तेही घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसंच, कारण मात्र बरोबर उलटं. काका आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवून निवृत्त झालेले. घरात लॅपटॉप काळीचा, फोन काळीचा, माऊस काळीचा, आणि हैदराबादच्या कुठल्याशा प्रदर्शनात फुकट मिळालेली काळीची टोपी. ती टोपी ते लग्नकार्यालासुद्धा घालत. काकू एकदा मला म्हणाल्या, "ती कंपनी शेवया काढायची मशीन करती का बगा की वो म्याडम. मंजी माझ्या बी नशिबाला काय तरी यील."

या भक्तीचं मूळ एका अपघातात होतं. काकांचा पहिला लॅपटॉप स्कूटरवरून सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर पडला, त्याच्यावरून गाडी गेली, आणि तरी तो चालू राहिला. गाडी कोणती, हे मात्र ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सायकल होती. दिवाळीपर्यंत टमटम झाली. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या आईसमोर त्यांनी उसाने भरलेला ट्रॅक्टर नेला, दोन ट्रेलरसकट. आईने विचारलं, "मग त्या लॅपटॉपला काहीच झालं नाही?" काका म्हणाले, "आवो, ट्रॅक्टर पंक्चर झाला."

खंडेनवमीला सगळं गाव आपापली हत्यारं पूजतं. काकांच्या पाटावर पेचकस, पक्कड, मीटर आणि मधोमध तो अपघातग्रस्त लॅपटॉप, कुंकू लावलेला. काळी कंपनी सोडून घरातली कुठलीही वस्तू त्या पाटावर चढत नसे. मिक्सर दुसऱ्या कंपनीचा म्हणून तो खाली जमिनीवर, पाटाला टेकून. "त्याला बी दोन अक्षता टाका की," असं काकू म्हणाल्या तर काका म्हणत, "लांबून पाया पडू द्या त्याला."

त्यांचं एक ठाम तत्त्वज्ञान होतं आणि ते दिवसातून दोनदा तरी ऐकवलं जाई: "जे उघडता येत न्हाय, ते आपलं न्हाय." काळीचं यंत्र चार स्क्रू काढले की उघडतं, आतलं सगळं दिसतं, बिघडलेलं काढून नवं घालता येतं. पांढरीचे स्क्रूसुद्धा जगावेगळे, पाच पाकळ्यांचे. आपला पेचकस त्यात बसतच नाही. काकांच्या मते ही कंपनी वस्तू विकत नव्हती, फक्त वापरायला देत होती. यात तथ्य होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा नुसता वैताग यायचा, कारण हे प्रवचन ऐकताना मान हलवावी लागायची आणि माझा पांढरा आत ट्रंकेत साड्यांखाली झोपलेला असायचा.

त्यालाही अधूनमधून उठवावं लागे, कारण माझी सगळी टिपणं त्याच्यात होती. त्याला एक खोड होती. सुरू होताना तो देवळातल्या घंटेसारखा एकच घुमणारा सूर काढी, आणि तो बंद करायचं काही मला कधी जमलं नाही. पण माझं दैव बलवत्तर. मी दार लावून ट्रंक उघडली की नेमकी त्याच वेळी काकांची पाण्याची मोटर सुरू होई. त्या घरघरीत माझा सूर बुडून जाई. तीन वर्षांत एकदाही पकडले गेले नाही. काकू मात्र ओरडत, "टाकी भरून वाहायलीय, बंद करा की ती!" मी मनातल्या मनात वरुणदेवाचे आभार मानी.

काकांना उत्तर देणारा गावात एकच माणूस होता, अप्पा. अप्पांचं आडत दुकान होतं, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि चिडले की दोन्ही. कपाळाला विभूती, खिशात सकाळच्या पूजेतलं बेलाचं पान, आणि काखेत पांढऱ्या कंपनीचा लॅपटॉप. मुलगा बेंगळुरात नोकरीला, त्याने घेऊन दिलेला. दोघं शाळेपासूनचे मित्र. रोज सकाळी साडेनऊला बसस्टँडजवळच्या हॉटेलात एकाच बाकावर बसून एकमेकांच्या कंपनीचा उद्धार करत. काकांनी "जे उघडता येत न्हाय" सुरू केलं की अप्पा शांतपणे बशीत चहा ओतत म्हणत, "चांगली वस्तू उघडायची येळच येत न्हाय री." एवढ्या एका वाक्यावर काकांचा चहा गार होई.

अप्पांची निष्ठाही काही कमी नव्हती. मी एकदा त्यांना म्हटलं, "अप्पा, तुमचे फोटोबिटो दुसरीकडे उतरवून ठेवत जा. कधी बंद पडला तर?" अप्पा माझ्याकडे असे बघायला लागले की मी जणू त्यांच्या सुनेच्या चारित्र्याबद्दल बोलले. "म्याडम, दुसरीकडं ठेवायचं मंजी हिच्यावर संशय घेतल्यागत झालं. दहा वर्सं झाली, हिनं कधी दगा दिला न्हाय."

अशाच एका सकाळी अप्पा म्हणाले, "बग, एक दिवस माझी हीच मशीन तू तुझ्या हातानं दुरुस्त करशील." काका ताडकन उठले. म्हणाले, बेलभंडारा उचलतो. आमच्या भागात बेलभंडारा उचलला की विषय संपला, खंडोबा साक्षीला आला. पण हॉटेलात बेल आणि भंडारा कुठून येणार? बेलाचं पान खुद्द अप्पांनीच खिशातून काढून दिलं. हळद हॉटेलवाल्याने भज्याच्या पिठाशेजारच्या डब्यातून आणली. काकांनी दोन्ही तळहातावर घेऊन शपथ घेतली, "पांढरीच्या यंत्राला या हातानं शिवणार न्हाय." बाकावरच्या चार जणांनी "येळकोट येळकोट" केलं, आणि पाचव्याने भजी सांगितली.

या दोघांचा आणखी एक खटला बरीच वर्षं प्रलंबित होता. एका चांगल्या पावसाच्या वर्षी बोरी नदी भरली, किल्ल्यातले नर-मादी धबधबे सुटले, आणि दोन्ही जोडपी बघायला गेली. तिथं काका आपला फोन पाण्याखाली धरून काळी कंपनी भिजली तरी मरत नाही हे सिद्ध करायला गेले आणि शेवाळावरून पडले. असं अप्पा म्हणत. काकूही म्हणत. काका म्हणत, "पडलो न्हाय. बसलो." अप्पा म्हणत, माझ्याकडे फोटो आहे. काका म्हणत, दाखव. अप्पा म्हणत, "येळ आली की दाखवीन," आणि पांढऱ्यावर हलकेच थाप मारत. अप्पांच्या बायकोला, अक्कांना, मी याबद्दल विचारलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून आत पळाल्या होत्या.

अक्का गेल्या त्याला वर्ष होत आलं तेव्हाची गोष्ट. शेवटचा आजार थोडाच, पण अप्पा त्यानंतर निम्मे झाले. हॉटेलात येत, भांडतही, पण चहा बशीत तसाच राही. येत्या सोमवारी वर्षाचं पुण्यस्मरण होतं. भिंतीवर लावायला अक्कांचा फोटो हवा होता, आणि घरात त्यांचा एकच कागदी फोटो होता, आधार कार्डावरचा. त्या फोटोत आपण सगळेच दरोड्यात पकडल्यासारखे दिसतो, अक्काही दिसत होत्या. कॅमेरा दिसला की त्या तोंड फिरवायच्या. तोंड न फिरवलेला एकच फोटो होता, धबधब्यापुढचा. तो पांढऱ्यात होता. आणि गुरुवारी सकाळी अप्पांनी झाकण उघडलं तर पांढरा उठलाच नाही. दहा वर्षं तुरीच्या भुशात बसून त्याने डोळे मिटले होते.

अप्पा त्याला घेऊन सोलापूरला गेले. एका दुकानात सांगितलं, आतला बोर्ड मेला, आतलं सगळं गेलं, नवा घ्या. शुक्रवारी ते हॉटेलात आले, यंत्र बाकावर ठेवलं, आणि हे सगळं सांगितलं. मी एसटीची वाट बघत तिथेच होते. मला वाटलं, काका आता उड्या मारतील. कंपनी हरली, शिवाय धबधब्यात पडल्याचा पुरावाही गेला. काकांनी आपला चहा अप्पांपुढे सरकवला. मग म्हणाले, "उद्या सकाळी घरी घिऊन ये."

"तुझा बेलभंडारा?"

"हात म्या लावणार न्हाय. हात म्याडमचे."

माझे हात! माझ्या हातून साधा कुकरचा रबरसुद्धा एका फटक्यात बसत नाही. पण अप्पांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

शनिवारी ओसरीवर पांढरी चादर अंथरली. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. ते सुटू नयेत म्हणून काकूंनी त्यांच्या हातात जपमाळ दिली होती. काकांनी हनुवटीने पेटीकडे खूण केली. तळाशी चिंधीत गुंडाळलेला एक पेचकस निघाला, सायकलच्या तारेचं टोक कानशीने घासून केलेला, पाच पाकळ्यांचा.

अप्पांचे डोळे मोठे झाले. "ह्यो कवा केलास?"

"दुश्मनाच्या घराची किल्ली आसू द्यावी," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

दहा स्क्रू काढायला मला पाऊण तास लागला. "उलटं फिरवा. उलटं मंजी डावीकडं. म्याडम, डावा हात कोंचा?" असं चाललं होतं. झाकण निघालं तशी आत भुसाच भुसा. काका वाकून वाकून बघत होते, नाक आत जाईपर्यंत, आणि मग सरळ होऊन म्हणाले, "बोर्ड मेलाय, खरंय. पर ती बारीक पट्टी दिसती का? समदं तिच्यात आसतं. ती जित्ती आसंल. ती काढून असल्याच दुसऱ्या मशीनीत घातली की झालं. पर असंच पायजे. ह्याच कंपनीचं, आन एवढंच जुनं."

"गावात दुसरं कुणाकडं हाय?" अप्पा म्हणाले. "सोलापुरात शोधायचं तर सोमवार उजाडंल." आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

मी माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. खोली चांगली होती, कॉलेज जवळ होतं, काकूंच्या हातची शेंगाचटणी होती. हे सगळं मला दिसत होतं, आणि समोर अप्पा भुशाने भरलेल्या त्या डब्यावर हात ठेवून बसलेलेही दिसत होते. मी उठले, खोलीत गेले, ट्रंक उघडली, आणि साड्यांखालून माझा पांढरा आणून चादरीवर ठेवला. "काका, मी तुमच्याशी खोटं बोलले," एवढंच म्हणता आलं.

काका जपमाळ ओढत म्हणाले, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पयल्या आठवड्यापासनं. सुरू व्हताना घंटा वाजती की त्येची. आवो, टाकी तर सकाळी येरवाळीच भरती. दिवसातनं चारदा मोटर कशाला लावत व्हतो म्या? ऐकलं आसतं तर तुमाला खोली सोडा म्हनावं लागलं आसतं. माझा नियम."

काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आन माझं आंगण तीन वर्सं चिखलात!"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले, आणि त्या क्षणी तो माणूस मला फार आवडला. दोन्ही गोष्टी खऱ्या.

माझा पांढराही उघडला. त्यातली माझी पट्टी काढली. अप्पांची पट्टी आणून बसवायला गेले, तर बसेना. काका म्हणाले, तिरकी धरा. धरली. म्हणाले, दाबू नका. मी दाबली. कुठंतरी कट् असं बारीक वाजलं. पुन्हा दाबणार एवढ्यात जपमाळ चादरीवर पडली. काकांनी माझं मनगट बाजूला केलं, पट्टी दोन बोटांत धरली, एक फुंकर मारली, आणि ती हलकेच जागेवर सरकवली. मग तसाच हात तिथं राहिला, पांढरीच्या पोटात.

अप्पा कुजबुजले, "बेलभंडारा..."

"देव त्या दिवशी अणदूरला व्हता," काका म्हणाले.

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्या खंडोबाची मूर्ती एकच आहे आणि ती अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत आलटून पालटून मुक्कामाला असते. वर्षाचा बराच काळ अणदूरला, थोडे दिवस नळदुर्गला. शपथ घेतली तेव्हा देव गावात नव्हता, हा काकांचा बचाव. "बेलभंडाऱ्याला देव गावात आसावा लागत न्हाय," असं अप्पा म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज नेहमीसारखा भांडणाचा नव्हता.

मी कळ दाबली. तो घंटेचा सूर ओसरीभर घुमला. मोटर बंद होती. तीन वर्षांत त्या घरात तो पहिल्यांदाच धडधडीत ऐकू आला, आणि काकूंनी उगाचच नमस्कार केला.

फोटो होता. मागे धबधब्याचं पांढरं पाणी, पुढे अक्का. पदर घसरलेला, तोंड उघडं, पडलेला दात दिसतोय, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतायत. मी अक्कांना दोन वर्षं ओळखत होते, पण असं हसताना पाहिलं नव्हतं. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात, खालून वर, हवेत उंच गेलेला एक पाय. लुंगी गुडघ्याच्या वर. चप्पल पायातून सुटून पाण्याच्या दिशेने निघालेली.

अप्पा अक्कांकडे बघत होते. काका पायाकडे. मग अप्पा रडायला लागले, मोठ्याने, लहान मुलासारखे, आणि काकांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

रविवारी काका चालत अणदूरला गेले. ते पांढरीला शिवल्याबद्दल देवाची माफी मागायला गेले असं काकूंनी सांगितलं. परत आल्यावर म्हणाले, देवाने शिक्षा दिली, महिनाभर पांढरीबद्दल वाईट बोलायचं नाही. ती शिक्षा आठ दिवस टिकली.

सोमवारी अप्पांच्या घरी आम्ही सगळे गेलो. जंगमस्वामी येऊन पूजा झाली होती, माणसं बसली होती. भिंतीवर अक्का हसत होत्या, केवढ्या तरी मोठ्या, आणि कोपऱ्यात तो पाय, चपलेसकट. फोटोवाल्याने म्हणे दोनदा विचारलं होतं की पाय कापून टाकू का, एका मिनिटाचं काम आहे. अप्पांनी नको म्हटलं. झेंडूचा हार फ्रेमभर घातलेला, त्याची एक सर बरोबर पायावरून गेलेली.

काका फ्रेमजवळ गेले, चष्मा लावला, आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आप्पा, माझ्या पायाला हार घातलास की रं. म्या जित्ता हाय आजून."

"पाय काढला तर ती कशाला हसायलीय, ते कुणाला कळंल?" अप्पा म्हणाले.

काकांनी हाराची सर बोटाने अलगद उचलली आणि बाजूला केली, पाय पूर्ण दिसेल अशी. मग ते फोटोखालीच भिंतीला टेकून बसले. अप्पांच्या पाहुण्यांपैकी एक म्हातारे कर्नाटकातून आले होते. त्यांनी फोटोकडे बघून विचारलं, हे कोपऱ्यात काय आहे?

"त्यो पाय माझा हाय," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पडलो व्हतो म्या."